टू-इन-वनची बॉडी दर पावसाळ्यात चिकट होते, त्यावर उपाय

लक्षण बहुतेक घरांत एकसारखंच असतं. माळ्यावरून जुना सीडी-कॅसेट प्लेयर खाली काढावा, धूळ पुसायला फडकं फिरवावं, तर फडक्याचेच धागे बॉडीला चिकटून बसतात. हँडल, सीडीचं झाकण, व्हॉल्यूमच्या नॉबभोवतीचा काळा पट्टा, कधी सगळी पाठ. बोट टेकवलं की ठसा उमटतो. साबणाच्या पाण्यानं पुसलं की चार दिवस बरं वाटतं. हिवाळ्यात तर वाटतं, गेलं एकदाचं. मग जून उजाडतो आणि पुन्हा तेच.

मुंबईत हे जरा जास्तच दिसतं, आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. ज्यांनी सेट जपून, पिशवीत घट्ट बांधून ठेवला त्यांच्याकडेही तो चिकटलेलाच निघतो. का, ते पुढे येईल. आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ: हा मळ नाही, त्यामुळे तो धुऊन जात नाही. चिकटतंय ते बॉडीवर कारखान्यात मारलेलं कोटिंग आहे. तेच खराब झालंय आणि ते पूर्ण खरवडून काढल्याशिवाय हा त्रास थांबत नाही. बाकीचे सगळे उपाय म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची मुदतवाढ.

आधी बघा, नक्की चिकटतंय काय

सगळं चिकट सारखं नसतं. 1979 मध्ये पहिला वॉकमन आला, त्या सुमाराला आखातात नोकरीला गेलेल्या मंडळींनी जे टू-इन-वन आणले, त्यांची बॉडी साधी, उघड्या प्लास्टिकची. वर चंदेरी पट्ट्या, पुढे जाळी. त्या पिढीतला सेट चिकट लागत असेल तर बहुधा स्वयंपाकघराची तेलकट वाफ आणि धूळ यांचा थर असतो. भांडी घासायच्या लिक्विडनं तो निघतो, पुढचं वाचायची गरज नाही.

आपला विषय त्यानंतरच्या मालाचा. नव्वदच्या दशकात आणि पुढे दहा-पंधरा वर्षं कंपन्यांना मखमली स्पर्शाचं वेड लागलं होतं. स्वस्त कडक प्लास्टिकवर रबरासारखा मऊ, मॅट काळा किंवा राखाडी रंग मारायचा, की वस्तू हातात घेताच महाग वाटते. पोर्टेबल स्टीरिओ, डिस्कमन, कॅमेरे, दुर्बिणी, माऊस, गाडीच्या डॅशबोर्डवरची बटणं, सगळ्यांवर हा लेप आला. लोक त्याला ‘रबर’ म्हणतात, पण बहुतेक वेळा ते रबर नसतं. तो पॉलियुरेथेनचा रंग असतो, स्प्रेनं मारलेला, कागदाइतका पातळ.

ओळखायची सोपी रीत म्हणजे सेट उलटा करून कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी नखानं ओरखडा काढायचा. नखात काळा चिकट लगदा आला आणि खाली वेगळ्या रंगाचं, गुळगुळीत, कडक प्लास्टिक दिसलं, तर तो लेप. नख रुतलं पण खाली काहीच लागलं नाही, नुसतंच मऊ, तर तो भाग सबंध रबराचा आहे. हँडलची पकड, खालचे पाय, काही नॉब असे असतात. त्यांचा इलाज वेगळा, तो शेवटी सांगतो.

पुसलं तरी परत का येतं

या जातीचे बरेच लेप एस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनचे असतात. त्यातल्या लांबलचक साखळ्या जिथे जोडलेल्या असतात तो सांधा पाण्याला कमजोर असतो. पाणी ओतायला लागत नाही, हवेतली वाफ पुरते. ती हळूहळू सांधे तोडत जाते. शास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात. साखळ्या आखूड झाल्या की घट्ट पापुद्र्याचा लगदा होतो. शिवाय प्रत्येक तुटलेल्या सांध्यामागे थोडं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी जोरात करवतं. म्हणून पाच-सात वर्षं ठणठणीत असलेला सेट एकदा चिकटायला लागला की पुढच्या दोन पावसाळ्यांत पार हाताबाहेर जातो. उकाडा, हाताचं तेल आणि घाम यांनी भर पडतेच.

आता मुंबईची हवा बघा. जुलैत आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर रेंगाळते, समुद्र जवळ, आणि सेट कुठे, तर गच्चीच्या स्लॅबखालच्या माळ्यावर, जिथे मे महिन्यात भट्टी असते आणि ऑगस्टमध्ये भिंतीला ओल. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर बांधताना आत गेलेली दमट हवा तिथेच कोंडून राहते. थंडीत लेप थोडा घट्ट वाटतो, तो बरा झाला म्हणून नव्हे. तुटलेले सांधे परत जुळत नाहीत.

याच रोगानं 1970-80 च्या दशकांतल्या काही स्टुडिओ टेपाही चिकट झाल्या, कारण त्यांच्यावरची चुंबकीय भुकटी पॉलियुरेथेननंच फिल्मला धरून ठेवलेली होती. त्या टेपा पन्नासेक अंशांवर काही तास शेकून तात्पुरत्या वाजवता येतात. हे कुठेतरी वाचून सेट ओव्हनमध्ये ठेवावा का, असं विचारणारे भेटतात. अजिबात नको. टेपेला एकदा वाजून तिची नक्कल निघेपर्यंतच तग धरायचा असतो. तुमच्या सेटला पुढची दहा वर्षं हात लावण्याजोगं राहायचंय. आणि बॉडी वाकडी झाली तर ती सरळ होत नाही.

जे करू नका

टाल्कम पावडर हा सगळ्यात लाडका घरगुती उपाय. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी त्यांचा सेट माझ्याकडे आणला तेव्हा तो मुळात काळा होता हे सांगावं लागलं.

“दर वर्षी गणपतीत बाहेर काढते, पावडर लावते, आरत्या लावते, परत ठेवून देते. यंदा पावडरही धरेना बघ.”

“काकू, किती वर्षं लावताय?”

“तू शाळेत होतास ना, तेव्हापासून.”

पावडर चिकटपणा झाकते, लेपात मुरते, आणि खाली काम चालूच राहतं. शेवटी जे तयार होतं ते राखाडी पीठ असतं, जाळीच्या भोकांत आणि बटणांच्या फटींत भरलेलं. काकूंनी वर वर्तमानपत्रही गुंडाळलं होतं. लेपानं त्याची शाई उचलली होती. मागच्या बाजूला छोट्या जाहिरातींचा आख्खा कॉलम उलट्या अक्षरांत उमटला होता. आरसा धरल्यावर ‘वधू पाहिजे’ स्वच्छ वाचता आलं. बबल-रॅप गुंडाळलेल्या सेटवर असेच गोल गोल डाग पडतात, त्यामुळे तोही नको.

खोबरेल तेल, गाडीच्या डॅशबोर्डचं पॉलिश, गंज सोडवायचे स्प्रे यांनी बॉडी तासाभरासाठी चकचकीत दिसते आणि मग दुप्पट धूळ धरते. वरून पारदर्शक लॅकर मारण्याची कल्पना सुचते, पण खालचा थर मऊ आणि वरचा कडक, त्यामुळे सुरकुत्या पडतात. मग दोन थर काढत बसायचं.

खरी भीती आहे ती थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोलची. स्टीरिओची बॉडी बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरीनची असते. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ते ही दोन्ही प्लास्टिकं विरघळवतं. रंगाच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये टोल्युईन आणि तशीच द्रावणं असतात. लेप निघतो खरा, पण त्याबरोबर बॉडीचा वरचा पृष्ठभागही जातो. बोटांचे ठसे कायमचे बसलेला एखादा सेट पाहिला असेल, तर तो असाच गेलेला असतो. पेट्रोल पॉलिस्टायरीनला लगेचच मऊ करू शकतं. रॉकेल लगेच काही करत नाही, पण जिथे स्क्रूनं प्लास्टिक ताणलेलं असतं तिथे पुढे बारीक तडे जाऊ शकतात, शिवाय घरात त्यांची वाफ नको. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचा सल्लाही फिरतो. त्यानं पॉलियुरेथेन सुटतं, हे खरं. पण तो ॲल्युमिनियमची पट्टी खातो आणि डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जातो. एका रेडिओसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

चालतं ते काय

आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की पुरतं. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत सर्किट धुण्यासाठी ठेवतात, प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे मोठ्या बाटल्या मिळतात. 99 टक्क्यांचं घ्या. तेवढं जमत नसेल तर औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालतं. त्यात पाणी असल्यानं काम सावकाश होतं, पण होतं. हात धुवायचं सॅनिटायझर जेल नको, त्यातला चिकट घटक मागे राहतो आणि तुम्हाला वाटतं लेप अजून शिल्लक आहे.

आयपीए हे एबीएसला आणि पॉलिस्टायरीनला सहसा त्रास देत नाही, पण तासन्‌तास बुडवून ठेवू नका. आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार बऱ्याचदा लहान अक्षरांत कोरलेला असतो, सेलचं झाकण उलटून बघा. आणि पहिला हात सेलच्या डब्याच्या आत मारून बघा. तिथे काही बिघडलं तरी दिसत नाही.

दोन ठिकाणी मात्र ते लावायचंच नाही. रेडिओच्या डायलवरची किंवा डिस्प्लेवरची पारदर्शक काच पुष्कळदा ॲक्रिलिकची असते. अल्कोहोल लागलं की तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे येऊ शकतात. ती आधी मास्किंग टेपनं झाका आणि शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसा. दुसरं म्हणजे चंदेरी भाग. क्रोमचा मुलामा असेल तर ठीक, पण नंतरच्या सेटवर तो नुसता चंदेरी रंग असतो आणि आयपीएनं तो फडक्यावर उतरतो. कापसाची काडी ओली करून कोपऱ्यात टेकवा. काडी राखाडी झाली तर तिथून लांब राहा.

आता आगीचं. आयपीएची वाफ 12 अंशांलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे मुंबईत बाराही महिने. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायलाच हवं: गॅस बंद, देवापुढचा दिवा आणि उदबत्ती विझलेली, डासांची कॉइल लावलेली नको. खिडकी उघडी ठेवा, गॅलरी असेल तर तिथे बसा. रबरी हातमोजे घाला, नाहीतर तो काळा लगदा दोन दिवस नखांतून निघत नाही.

काम कसं करायचं

आधी प्लग काढा, सेल काढा. सेल आत फुटून हिरवट क्षार आले असतील तर ते आधी निपटा. मग सगळ्या बाजूंचे फोटो काढा, विशेषतः बटणांवरच्या अक्षरांचे. प्ले, स्टॉप, बास बूस्ट ही अक्षरं बहुतेक सेटवर लेपाच्या वर छापलेली असतात. लेप गेला की तीही जाणार, यात पळवाट नाही. ज्यांना अक्षरं हवीच आहेत त्यांनी फक्त तेवढी बटणं तशीच ठेवून भोवतालचा भाग साफ करावा आणि त्या बटणांवर पारदर्शक चिकटपट्टीचा नेमका कापलेला तुकडा लावावा. दिसायला बरं नाही, पण बोट चिकटत नाही.

जमत असेल तर बॉडी उघडा. मागचे स्क्रू खोल विवरात असतात, लांब दांड्याचा स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर सेटचं चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला की परत लावताना लांब स्क्रू आखूड जागी जाऊन पुढचं प्लास्टिक फोडत नाही. दोन अर्धुकं वेगळी करताना ओढू नका. स्पीकरच्या, एरियलच्या आणि सेलच्या डब्याच्या वायरी मध्ये अडकलेल्या असतात. उघडायची हिंमत नसेल तर बंद सेटवरही काम होतं, फक्त फडकं ओलसर असावं, गळणारं नव्हे, आणि जाळी व बटणांच्या फटी टेपनं झाकलेल्या असाव्यात. टेप मात्र लेपावर नको, काढताना ती लेप ओरबाडून आणते. अर्थात तुम्हाला तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

नुसतं पुसत बसलात तर आयपीए उडून जातं आणि लगदा इकडून तिकडे सरकतो. पुष्कळ जण इथेच वैतागतात. टिश्यूपेपरच्या घड्या आयपीएमध्ये भिजवून एका भागावर पसरा, वरून प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा, दहाएक मिनिटं थांबा. पिशवी काढल्यावर लेप सुरकुतलेला, सुटलेला दिसतो. मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरकं धरून तो एकाच दिशेनं ओढत न्या. चांगला भिजला असेल तर लांब काळी पट्टी गुंडाळी होत निघते, आणि हे करताना मिळणारं समाधान वेगळंच आहे. सुरी, ब्लेड, स्टीलची घासणी नको. प्रत्येक ओरखडा नंतर उघड्या प्लास्टिकवर दिसणार आहे.

एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या. पुसायला जुन्या सुती गंजीच्या चिंध्या उत्तम. मायक्रोफायबर लगेच गच्च होतं. चिंधीची बाजू सारखी बदला, काळी झालेली बाजू परत फिरवली की आधी काढलेलंच परत लावून ठेवाल. ‘आयपीए लावलं तरी चिकट राहतं’ असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं. कोपऱ्यांत जुना टूथब्रश, कॅसेटच्या दाराच्या खोबणीत आणि कोरलेल्या अक्षरांत दातकोरणी. नॉब ओढून निघत असतील तर काढून वेगळे साफ करा. नॉबच्या कडेच्या दातांमध्ये राहिलेला लेप पुढे बोटांना लागून सगळीकडे पसरतो.

मोठा सेट एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पाठ दुखते, मग घाई होते आणि शेवटचा कोपरा खरवडला जातो.

सगळं निघालं की सुट्या पॅनेलांना कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड लावून धुवा. यात स्पीकर, जाळीमागचं कापड आणि सर्किट नसलं पाहिजे. सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर पांढुरके पट्टे दिसले तर त्या जागी पातळ थर शिल्लक आहे, तेवढ्यावर आयपीएचा एक हात पुरतो. काळे झालेले टिश्यू आणि चिंध्या आधी गॅलरीत वाळू द्या, मग कचऱ्यात. बेसिनमध्ये लगदा धुऊ नका, पाइपात तो परत चिकटतो.

खालचं प्लास्टिक बघून निराश झालात तर

लेपाखाली काय निघेल याचा भरवसा नाही. कधी सुंदर, गडद राखाडी, किंचित चमकदार प्लास्टिक निघतं आणि वाटतं, हे झाकलं कशाला? कधी साच्याच्या रेषा, गोल खुणा आणि भलताच फिका रंग. कंपनीला ठाऊक होतं की वर रंग जाणार आहे, त्यामुळे खालच्या फिनिशवर कुणी वेळ घालवलेला नसतो.

माझं मत विचाराल तर तसंच ठेवा. हात लावला की कोरडं लागतं, पुसलं की पुसलं जातं, आणखी काय हवं? रंगवायचंच असेल तर 800 नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं घासा, प्लास्टिकचा प्रायमर मारा आणि वर मॅट काळ्या ॲक्रिलिक स्प्रेचे पातळ हात द्या, एका जाड हातानं भागवू नका. पण हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत स्प्रेचं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंगावर पांढरट झाक येते. दिवाळीनंतर, कोरड्या दिवशी, दुपारी करा. ‘रबर फिनिश’च्या स्प्रेचे डबेही बाजारात मिळतात. इतकी मेहनत करून तोच लेप परत मारण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

अक्षरांसाठी पांढऱ्या रंगाचं बारीक टोकाचं पेन आणि काढलेले फोटो. हात स्थिर नसेल तर फक्त त्रिकोण, चौकोन आणि बाण काढा, बटणाचं काम कळायला तेवढं बास होतं.

हँडल आणि पाय: जिथे लेप नाही, सबंध रबर आहे

हँडलची पकड आरपार मऊ होऊन पाघळत असेल तर आयपीए लावून उपयोग नाही, कारण खाली कडक प्लास्टिक नाहीच. पुसाल तेवढं आतून नवं येईल. ती पकड कापून काढा, खालचा दांडा स्वच्छ करा आणि बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप ओढून गुंडाळा. खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळते, काळी घेतली तर मूळचीच वाटते. ग्रिपही कधीतरी चिकट होणार, पण ती पाच मिनिटांत बदलता येते. खालचे पाय काढून फर्निचरला लावतात ते फेल्टचे गोल लावा. जुने रबरी पाय सागवानी टेबलावर काळे डाग सोडतात आणि ते डाग पॉलिशपर्यंत जातात.

वायर बॉडीभोवती गुंडाळून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. पीव्हीसीच्या वायरीतला मऊपणा आणणारा तेलकट घटक बाहेर येतो आणि पॉलिस्टायरीनमध्ये शिरतो. वायर काढली की बॉडीवर तिच्या आकाराचा वितळलेला चर दिसतो. तो आयपीएनं जात नाही, घासून रंगवावंच लागतं. वायर वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा.

जुना सेट विकत घेताना

चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या बाजूला, अजून चांगले सेट हाती लागतात. शुक्रवारी पहाटे जाणारे टॉर्च घेऊन जातात, तुम्हीही न्या. मॅट असायला हवी ती बॉडी तुकतुकीत दिसत असेल तर नुकतंच तेल किंवा पॉलिश फिरलंय. बटणांच्या फटीत आणि जाळीच्या कडेला पांढरं दिसलं तर पावडर. दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही, भाव पाडायला मुद्दा मिळाला. चिकट बॉडी सुधारता येते. कॅसेटचं दार तुटलेलं, सीडीचं डोकं गेलेलं, डिस्प्ले काळा पडलेला, तो खर्च वेगळा.

आणि दार उघडून कॅसेट वाजवून बघाच. चक्र फिरत नसेल तर आतला पट्टा बहुधा ताणलाय किंवा वितळलाय. चिकट बॉडीच्या सेटमध्ये तो वितळलेला निघणं नवल नाही. त्याचा काळा लगदा कप्पीवरून आयपीए आणि कापसाच्या काडीनं काढा, बोट लावू नका, आणि पट्ट्याचा जुना तुकडा मापासाठी लॅमिंग्टन रोडला घेऊन जा.

सगळं केलं, तरी पुढच्या जूनमध्ये चिकट लागतंय

कुठे, ते बघा. सगळीकडे किंचित लागत असेल तर आयपीएनंतर साबणानं धुवायचं राहिलंय आणि विरघळलेल्या लेपाचा अदृश्य थर वाळून बसलाय. तो एकदा धुऊन काढला की संपलं. फक्त कडांना आणि फटींजवळ लागत असेल तर लगदा आतल्या बाजूनं येतोय: कारखान्यात स्प्रे मारताना रंग पॅनेलच्या मागच्या कडेवरही उडालेला असतो, आणि सेट न उघडता साफ केला असेल तर तो तिथेच राहतो. अशा वेळी उघडण्याला पर्याय नाही. फक्त बटणं चिकटत असतील, दाबल्यावर वर येत नसतील, तर त्यांच्या बाजूच्या भिंतींवर लेप आहे. बटणांची पट्टी बाहेर काढून चारही बाजू पुसाव्या लागतील.

आणि ज्या सेटचा लेप अजून शाबूत आहे तो माळ्यावरून खाली आणा, कपाटात ठेवा, वर जुन्या सुती साडीचं कापड टाका, शेजारी सिलिका जेलची डबी. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करता येतात, फक्त तो तवा पोळ्यांचा नको. यानं लेप वाचत नाही, थोडी वर्षं मिळतात.